वकिली न केलेले कायदेपंडित : लोकमान्य टिळक

खजराना गणेशाच्या या नगरीत बाप्पांचे आगमन झाले की उत्सवाला सार्वजनिक रूप देणाऱ्या लोकमान्यांचे स्मरण होतेच. ते कायद्याचे पदवीधर होते, हे मात्र सहसा आठवत नाही.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक १८७९ मध्ये एलएल.बी. झाले. त्या काळी ही पदवी म्हणजे मान आणि पैसा यांची हमी. सरकारी न्यायखाते किंवा स्वतःची वकिली, दोन्ही वाटा मोकळ्या होत्या. टिळकांनी दोन्ही सोडल्या. १८८० मध्ये चिपळूणकर व आगरकर यांच्यासह त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले. १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्याने टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले.

१८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर वर्तमानपत्रांच्या कर्जाचा भार होताच. तेव्हा चरितार्थाला कायदाच उपयोगी पडला. वकिलीच्या परीक्षांची तयारी करून घेणारा वर्ग त्यांनी पुण्यात चालवला. १८९६ मध्ये न. चिं. केळकर साताऱ्याची वकिली सोडून आले, ते या वर्गात आणि वर्तमानपत्रांत हातभार लावण्यासाठीच.

स्नेही बाबा महाराजांच्या मृत्युपत्राचे विश्वस्तपद स्वीकारल्याने ताई महाराज प्रकरण मागे लागले. खोट्या साक्षीच्या आरोपातून १९०४ मध्ये हायकोर्टाने त्यांना मुक्त केले, पण दिवाणी वादाचा निकाल प्रिव्ही कौन्सिलने त्यांच्या बाजूने दिला तो १९१५ मध्ये. दिलेला शब्द पाळण्यात उमेदीची वर्षे गेली.

१९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःच बाजू मांडली. हे भाषण अनेक दिवस मिळून एकवीस तासांहून अधिक चालले. समोर न्यायमूर्ती दावर होते. १८९७ च्या खटल्यात टिळकांना जामीन मिळवून देणारे वकील तेच! शिक्षा सहा वर्षांची झाली. मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले गेले. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

आज इंदूरच्या घराघरांतून मुले-मुली कायदा शिकत आहेत. कोणी खंडपीठात उभे राहील, कोणी न्यायाधीश होईल, कोणी कंपनीत जाईल, कोणी शिकवेल, कोणी लेखणी धरेल. काळा कोट न घालणाऱ्याची पदवी वाया गेली, असे म्हणण्यापूर्वी आपण ज्येष्ठांनी लोकमान्यांचे चरित्र एकदा आठवावे.

गणपती बाप्पा मोरया!