दुबळ्या पायाचे शिक्षक : सय्यद अब्दुल रहीम

१९४३ साली बंगळूरच्या ॲश सुवर्णचषक स्पर्धेत हैदराबाद शहर पोलिसांच्या संघाने ब्रिटिश हवाई दलाच्या संघाचा पराभव केला. बंगळूरकर प्रेक्षकांना खुश करणे सोपे नव्हते. १९३७ साली मुंबईचा रोव्हर्स चषक गोऱ्या पलटणींच्या हातून प्रथम हिरावून घेतला, तो याच शहराच्या बंगळूर मुस्लिम्स संघाने. अशा शहरात हैदराबादच्या फुटबॉलची दखल घेतली गेली. त्याच सुमारास हैदराबाद फुटबॉल संघटनेचे चिटणीसपद, आणि पुढे या पोलीस संघाचे प्रशिक्षण, ज्यांच्याकडे आले ते गृहस्थ पोलीस नव्हते, शाळामास्तर होते.

सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून व स्थानिक क्लबांतून ते फुटबॉल खेळले. पदवीनंतर त्यांनी काचीगुडा, चादरघाट इत्यादी ठिकाणच्या शाळांत अध्यापन केले व शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली. खेळाडू म्हणून त्यांचे नाव हैदराबादबाहेर फारसे गेले नाही. त्यांचे खरे सामर्थ्य शिकविण्यात होते.

त्यांची एक पद्धत मुद्दाम सांगण्याजोगी आहे. ते अशा स्पर्धा भरवीत की ज्यांत खेळाडूने केवळ आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा. उजव्या पायाचा बहाद्दर तेथे पोरासारखा अडखळे. दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धेत चेंडू पायाशी खेळवीत धावण्यास बंदी. आला की सोबत्याकडे द्यावयाचा. ज्याला स्वतःच्या कौशल्याचा अभिमान, त्याला ही शिक्षाच वाटली असेल! परंतु याच शिस्तीतून हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला.

राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आल्यावर १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने इराणला १-० ने हरवून सुवर्णपदक मिळविले. त्या संघात बंगळूरचा अहमद खान होता. अनवाणी पायांनी चेंडूवर इतकी हुकमत गाजविणारा खेळाडू विरळाच. पण पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या थंडीत युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. अनवाणी खेळाचे कौतुक तेथे संपले आणि बूट सक्तीचे झाले. ज्यांची सारी कला उघड्या पावलांत होती, त्यांना हे किती जड गेले असेल, याची आपण कल्पनाच करू शकतो.

रहीम यांनी त्या अपमानातून धडा घेतला. हंगेरीच्या संघाने आघाडीच्या मधल्या खेळाडूला थोडे मागे ठेवून जी नवी रचना रूढ केली होती, ती त्यांनी अभ्यासली व आपल्या मुलांच्या अंगाला बसेल अशी बेतून घेतली. भाषांतराचे काम करणाऱ्या मला याचे विशेष वाटते. शब्दाला शब्द ठेवून तेथेही भागत नाही. १९५६ साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले. मूळ गोव्याच्या व मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझाने त्यात तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये असा पराक्रम करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. बंगळूरचा केंपय्याही त्या संघात होता. भारत चौथा आला. पदक हुकले.

१९६२ ची जकार्ता येथील आशियाई स्पर्धा ही त्यांची अखेरची मोहीम. इस्राएल व तैवान यांना वगळल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला, म्हणून सारे शहर भारतीयांवर खवळले होते. मैदानावरही अडचणी कमी नव्हत्या. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव. पुढे बचावपटू जर्नेल सिंगच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. कोणताही सावध प्रशिक्षक त्याला बाहेर बसविता. रहीम यांनी त्याला उपान्त्य सामन्यापासून आघाडीवर उभे केले!

अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी मुलांजवळ एकच भेट मागितली, सुवर्णपदक. ४ सप्टेंबर रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या हुल्लडीत पुन्हा दक्षिण कोरियाशीच गाठ पडली. गोलरक्षणास पीटर थंगराज, मधल्या फळीत गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको, कर्णधार चुनी गोस्वामी. पी. के. बॅनर्जी व टाके पडलेला जर्नेल यांच्या गोलांनी भारत २-१ ने विजयी झाला. त्या गोंगाटात भारताच्या बाजूने आवाज उठला तो पाकिस्तानी हॉकीपटूंचा, ही आठवण संघातील खेळाडू पुढे आवर्जून सांगत.

२०२४ च्या ‘मैदान’ या हिंदी चित्रपटामुळे हा सामना नव्या पिढीस ठाऊक झाला. चित्रपटास लाखाची गर्दी हवीच असते. मला मात्र रहीम साहेब आठवतात ते हैदराबादच्या शाळेच्या धुळीत, उजव्या पायाच्या मुलाला डाव्याने चेंडू मारावयास लावणारे.

मायदेशी परतल्यावर कर्करोगाने त्यांना अंथरुणास खिळविले आणि ११ जून १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिक संघात होते. तेही पुढे प्रशिक्षक झाले. आणि १९७० साली बँकॉकला भारताने कांस्यपदक मिळविले, तेव्हा संघाच्या प्रशिक्षकांपैकी एक होते जकार्ताचे पी. के. बॅनर्जी, आणि कर्णधार होता हैदराबादचाच नईमुद्दीन.