नावातला राजा

पुण्याच्या शुक्रवार पेठेतील ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ हे नाव वाचले की, दिनकर केळकर नावाचा कुणी हौशी संस्थानिक डोळ्यांसमोर उभा राहतो. प्रत्यक्षात केळकर राजे नव्हते, सरदारही नव्हते. पुण्यात चष्म्यांचा व्यवसाय करणारे ते एक मध्यमवर्गीय गृहस्थ होते. राजा हे त्यांच्या एकुलत्या एका मुलाचे नाव. तो अवघ्या सातव्या वर्षी गेला. मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, अशा आपल्या रीतीने लिहिलेली ही पाटी म्हणजे एका बालकाचे पूर्ण नाव आहे.

दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६चा. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते कविता लिहीत. जुन्या वस्तू जमविण्याचा नाद त्यांना १९२०च्या सुमारास लागला. त्या नादाला जन्मभराच्या व्रताचे रूप आले, ते पुत्रवियोगाच्या दुःखातून. जे मूल परत येणार नव्हते त्याच्या नावाने घरात वस्तू येत राहिल्या. १९६०पर्यंत त्यांची संख्या पंधरा हजारांच्या घरात गेली होती. पत्नी कमलाबाईंची या संसारात अखंड साथ होती. एरवी इतक्या पसाऱ्यात घर चालविणे कोणत्या गृहिणीला जमले असते?

हा संग्रह हिऱ्यामाणकांचा नव्हता. अडकित्ते, पानाचे डबे, समया आणि लामणदिवे, दौती, वजऱ्या, कुलपे, फण्या, खेळणी, वाद्ये, वाड्यांचे कोरीव दरवाजे अशी रोजच्या वापरातली चीजवस्तू केळकरांनी वेचली. नवी भांडी आली की जुनी मोडीत निघतात आणि वाडा पडला की त्याचे लाकूड वखारीत जाते, असा तो काळ होता. इतरांच्या लेखी जी अडगळ होती, तिच्यात केळकरांना अनामिक कारागिरांचा हात दिसत होता. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेषही त्यांनी आणवले आणि तो महाल संग्रहालयात पुन्हा उभा राहिला.

वस्तू साठवीत राहण्याच्या वृत्तीमागे अनेकदा एखादी जखम असते, असे मानसशास्त्र सांगते. जवळचे माणूस गेले की त्याच्या आठवणी वस्तूंना चिकटतात. मग वस्तू टाकणे म्हणजे त्या माणसालाच पुन्हा निरोप देणे वाटू लागते. रंगांच्या वाळलेल्या नळ्या, अर्धवट विणलेले स्वेटर, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून जपलेली कापडे आपल्या घरांतूनही याच कारणाने कपाटे अडवून बसतात. हा साठा हाताबाहेर जाऊन राहती जागा वापरेनाशी झाली आणि तरीही काहीच सोडवेना, तर तो स्वतंत्र मनोविकार मानावा, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या नियमावलीत नमूद केले.

केळकरांच्या ध्यासाचे मूळही वियोगातच होते, पण त्यांची वाट वेगळी ठरली. त्यांनी वस्तू निवडल्या, लावल्या आणि मुख्य म्हणजे लोकांना दाखविल्या. १९६२ साली संग्रहालय रूपाला आले. १९७५ साली आयुष्यभराचा हा ठेवा त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. जमविणाऱ्याला सर्वांत अवघड जाते ते हातून सोडणे, आणि वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी केळकरांनी नेमके तेच केले. मागे ठेवले ते एवढेच की, संग्रहावर नाव मुलाचे राहावे.

पुणे विद्यापीठाने १९७८ साली त्यांना मानद डॉक्टरेट दिली आणि १९८० साली ते पद्मश्रीचे मानकरी ठरले. १७ एप्रिल १९९० रोजी त्यांचे निधन झाले. संग्रहात आज वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडलेल्या आहेत. आईबापांचे बोट धरून आलेली राजाच्या वयाची मुले तिथल्या खेळण्यांपुढे रेंगाळतात. ज्याच्या नावाने हे सारे उभे राहिले, तो आपल्याच वयाचा होता, हे त्यांना कुणीतरी आवर्जून सांगायला हवे.