तबलानवाज अहमदजान थिरकवा

आमच्या घरांतून मुलीस पेटी शिकविण्यास पूर्वी सहसा कोणाची हरकत नसे. परंतु मुलाने तबल्याचे नाव काढले की वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडे. या आठीचे कारण जुने आहे. तबला कोठीवरच्या मैफलीत वाजे, वाजविणारा गाणाऱ्याच्या मागे बसे, आणि त्यास तबलजी म्हणत. या शब्दात आदर फारसा नव्हता. हे चित्र ज्यांनी आपल्या हातांनी पालटले, त्यांत उस्ताद अहमदजान थिरकवा यांचे नाव आम्ही अग्रभागी ठेवू.

खाँसाहेबांचा जन्म १८९२ च्या सुमारास मुरादाबाद येथील वादकांच्या घराण्यात झाला. बालवयातच ते मुंबईस उस्ताद मुनीरखाँ यांच्या हाताखाली आले. मुनीरखाँनी अनेक घराण्यांच्या गुरूंकडून विद्या जमविली होती, ती या शिष्याच्या हाती उतरली. तबल्यावर बोटे जणू थिरकतात, म्हणून ‘थिरकवा’ हे नाव पडले आणि तेच जन्मभर राहिले.

महाराष्ट्राने त्यांस ओळखले ते गंधर्व नाटक मंडळीत. बालगंधर्वांच्या पदास एका अंगास कादरबक्षांची सारंगी आणि दुसऱ्या अंगास थिरकवांचा तबला, असा योग रसिकांस लाभला. नाटकाची साथ म्हणजे सोपे काम, असा समज आहे. तो आम्हांस मान्य नाही. पद तेच, पण ‘वन्स मोअर’ मिळाला की गाणारा प्रत्येक वेळी नव्या वाटेने जातो. शब्द झाकळू द्यावयाचा नाही, लय ढळू द्यावयाची नाही, आणि ओळींमधल्या क्षणभराच्या जागेत लग्गी अशी वाजवावयाची की प्रेक्षकाने डोलावे, पण नायिकेवरून त्याची नजर हटू नये. ज्याच्या संग्रही शेकडो बंदिशी, त्याने साधा ठेकाच गोड करून वाजवावा, यात केवढा संयम आहे! त्या पिढीचे रसिक पदाइतकीच त्या ठेक्याची आठवण काढीत.

नाटक मंडळीनंतर ते रामपूरच्या नबाबांच्या दरबारी राहिले. तेथील कालखंडाविषयी विस्तार करीत नाही. दरबार संपले तेव्हा अनेक गुणिजनांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. खाँसाहेबांस लखनौच्या भातखंडे संगीत विद्यापीठात अध्यापकाचे आसन मिळाले. ही संस्था पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने १९२६ साली निघाली आणि डॉ. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी प्राचार्य म्हणून ती वाढविली. महाराष्ट्राशी तिचा संबंध असा जिव्हाळ्याचा आहे.

या नेमणुकीचे महत्त्व थोडे सांगावयास हवे. जुन्या घराण्यांत बंदिश ही दागिन्यासारखी जपत; लेकीच्या लग्नात जावयास गती हुंडा म्हणून दिल्याच्या कथा आहेत. अशा परंपरेत वाढलेला उस्ताद आता तासाच्या घंटेनुसार वर्गात बसून कोणाही जातीच्या, कोणाही घरच्या मुलास तबला सांगू लागला. मागे बसणारा तबलजी प्राध्यापक झाला!

रचनाकार म्हणूनही त्यांचा अधिकार मोठा होता. तबल्याची रचना कागदापेक्षा हातात राहते. दिल्ली, अजराडा, फरुखाबाद, लखनौ अशा निरनिराळ्या बाजांचे बोल त्यांनी एका हातात नांदविले. पेशकार, कायदा, रेला, गत यांचा विस्तार करून स्वतंत्र तबलावादनास संपूर्ण मैफलीचे रूप दिले. अशा वादनात सारंगी अगर पेटी एकच लेहरा धरून राहते आणि तबला बोलतो. साथ करणारा आणि साथ घेणारा यांची जागाच येथे बदलते. जगन्नाथबुवा पुरोहित, निखिल घोष, लालजी गोखले, भाई गायतोंडे अशा शिष्यांच्या द्वारे ही विद्या महाराष्ट्रातही रुजली.

१९७० साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. १३ जानेवारी १९७६ रोजी लखनौ येथे त्यांचे देहावसान झाले. उतारवयातील त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका आज सहज ऐकावयास मिळतात. त्यांतील विलंबित त्रितालाचा पेशकार घरच्या मुलांसह एकदा ऐकावा. ‘धा’ आणि ‘तिट’ ही अक्षरे वेगवेगळी, स्वच्छ उमटतात, आणि समेवर येण्याची वादकास मुळीच घाई नसते.