अब्राहाम लिंकन व दास्यमुक्तीचा हुकूम

आपल्या पालघर जिल्ह्याच्या डोंगरपट्टीत पूर्वी लग्नगडी ठेवण्याची चाल होती, ती वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊक आहे. गरीब तरुणाने लग्नापुरते रुपये सावकाराकडून घ्यावे, आणि ते फेडण्यासाठी नवराबायको दोघांनी त्याच्या घरी व शेतात वर्षानुवर्षे, कधी जन्मभर, राबावे, अशी ती रीत. ऑक्टोबर १९७५ मध्ये भारत सरकारने वटहुकूम काढून वेठबिगारी रद्द केली. तथापि १९८० नंतरच्या दशकातही ह्याच वसई तालुक्यात वेठबिगार सापडत होते व मुक्त केले जात होते. हुकूम निघणे ही एक गोष्ट, आणि तो गड्याच्या झोपडीपर्यंत पोहोचणे ही दुसरी. अमेरिकेत भर युद्धात असाच एक मोठा हुकूम निघाला होता. तो ज्यांनी काढिला त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवितो.

अब्राहाम लिंकन ह्यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकी संस्थानात, ओंडक्यांच्या एका खोलीच्या झोपडीत झाला. बाप सुतारकी व शेती करी. त्यास सहीपुरतेच लिहिता येत होते. अब्राहाम नऊ वर्षांचा असता आई वारली. सावत्र आई आली ती मायाळू निघाली, आणि मुलाची वाचनाची गोडी तिने मोडू दिली नाही. सर्व दिवस मिळूनही तो पुरते एक वर्ष शाळेत बसला नाही. पुढे त्यांनी कुंपणाची लाकडे फोडिली, दुकान चालविले, टपाल वाटले, जमिनीची मोजणी केली, आणि स्वतःच पुस्तके वाचून ते वकील झाले.

१८४१ साली ओहायो नदीवरून आगबोटीने जात असता दहाबारा गुलाम एकाच साखळीस जखडलेले त्यांनी पाहिले. आपल्या आप्तांपासून तोडून त्यांस दक्षिणेकडे नेत होते. चौदा वर्षांनी एका मित्रास लिहिलेल्या पत्रात, ते दृश्य आपणांस अजून छळते, असे लिंकन ह्यांनी कळविले.

तरीही ते सावकाश चालणारे गृहस्थ होते. गुलामगिरी नव्या मुलखात पसरू देणार नाही, परंतु जेथे ती आहे तेथे तिला हात लावण्याचा अधिकार आपणांस नाही, असे ते सांगत. मुक्त झालेल्या काळ्या लोकांस परदेशी नेऊन वसवावे, असेही त्यांस बरीच वर्षे वाटे. हा विचार आम्हांस मुळीच पटत नाही; पण तो गाळून चरित्र लिहिणे हेही प्रामाणिकपणाचे नव्हे.

नोव्हेंबर १८६० मध्ये ते अध्यक्ष निवडले गेले. त्याबरोबर दक्षिणेकडील गुलामधारी संस्थाने फुटून निघू लागली, व १२ एप्रिल १८६१ रोजी लढाई जुंपली. त्या देशात तेव्हा सुमारे ४० लाख गुलाम होते. दक्षिणेचा कापूस बंद पडल्यामुळे इकडे मुंबईत कापसाचे भाव कडाडले आणि कित्येक व्यापारी गबर झाले. तो कापूस ज्या हातांनी वेचला जाई त्या हातांची आठवण त्या बाजारात फारच थोड्यांस झाली असेल.

गुलाम मात्र हुकुमाची वाट पाहत बसले नाहीत. सरकारी फौज जवळ आली की ते मुलाबाळांसह रातोरात मळे सोडून छावणीत येत. त्यांस धन्याकडे परत धाडावे की ठेवून घ्यावे, हा प्रश्न त्यांच्या पायांनीच सरकारपुढे आणिला.

२२ जुलै १८६२ रोजी लिंकन ह्यांनी मंत्र्यांस हुकुमाचा मसुदा वाचून दाखविला. परराष्ट्रमंत्री सीवर्ड म्हणाले की, पराभव होत असता हा कागद काढिला तर तो हताशपणाचा दिसेल, एखादा जय मिळू द्यावा. मसुदा बाजूस राहिला. १७ सप्टेंबर रोजी अँटीटम येथे भयंकर रक्तपात होऊन शत्रूस मागे हटावे लागले. पाच दिवसांनी लिंकन ह्यांनी मंत्र्यांस सांगितले की, शत्रू मेरीलंडातून हटला तर हे काम करीन, असे वचन आपण देवास दिले होते. ते कोणत्याही मंडळीचे सभासद कधी झाले नाहीत. पण हे वचन त्यांनी पाळिले. बंडखोरांस १ जानेवारीपर्यंत मुदत दिली गेली.

तो दिवस १८६३ सालचा वर्षारंभ. सकाळपासून कित्येक तास भेटीस आलेल्या लोकांशी हस्तांदोलन करून त्यांचा हात थरथरत होता. थरथरती सही पाहून लोक म्हणतील की ह्याचे मन डळमळले, म्हणून त्यांनी लेखणी खाली ठेविली, हात स्थिर होऊ दिला, आणि मग सावकाश पुरे नाव लिहिले.

हुकूम सेनापतीच्या अधिकाराने काढिलेला, म्हणून तो बंडखोर मुलखापुरताच होता. सरकारच्या बाजूस राहिलेल्या चार गुलामधारी संस्थानांस व फौजेने जिंकलेल्या काही भागांस तो लागू नव्हता. म्हणजे जेथे सरकारची सत्ता तेथे पुष्कळ गुलाम गुलामच राहिले, आणि जेथे मुक्ती जाहीर झाली तेथे सत्ता शत्रूची. टीकाकार हसले. पण फौज जसजशी पुढे सरकली तसतसा तो कागद खरा होत गेला. काळ्या लोकांस सैन्यात घेण्याचे कलमही त्यात होते, आणि युद्ध संपेपर्यंत सुमारे १,८०,००० जणांनी बंदूक धरिली. १८६४ च्या उन्हाळ्यात युद्धास कंटाळलेले लोक म्हणू लागले की, मुक्तीचा हट्ट सोडून तह करावा. आपण निवडणूक हरणार असे तेव्हा लिंकन ह्यांस स्वतःलाच वाटत होते, तरी लढलेल्या शिपायांस पुन्हा दास्यात लोटण्यास ते कबूल झाले नाहीत. निवडणूक ते जिंकले.

युद्धकाळचा हुकूम पुढे न्यायालये रद्द ठरवितील ही धास्ती त्यांस होतीच, म्हणून देशाच्या घटनेत दुरुस्ती करण्याचा त्यांनी आग्रह धरिला. ३१ जानेवारी १८६५ रोजी ती प्रतिनिधिसभेत मंजूर झाली. १४ एप्रिल, उत्तम शुक्रवारच्या रात्री, नाटकगृहात एका मारेकऱ्याने त्यांजवर गोळी झाडिली व दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा प्राण गेला. डिसेंबरात दुरुस्ती पक्की झाली, ती पाहावयास ते नव्हते. टेक्सास संस्थानातील गुलामांस तर सरकारी सेनापतीने गॅल्व्हस्टन बंदरात मुक्तीची आज्ञा जाहीर केली ती १९ जून १८६५ रोजी, म्हणजे त्या सहीनंतर जवळजवळ अडीच वर्षांनी.

पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांस दास्यातून सोडविणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केले. आत लिहिले मात्र इकडील शूद्रातिशूद्रांच्या दास्याविषयी.