पवनारचे विनोबा आणि चंबळचे बागी

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पवनार येते. धाम नदी ओलांडून पलीकडच्या टेकाडावर वस्ती केली म्हणून विनोबांनी आपल्या आश्रमाला परंधाम म्हटले. सेवाग्राम पाहून आलेली मंडळी येथे घटकाभर बसतात, भूदानाची आठवण काढतात आणि परततात. पण चंबळच्या दऱ्याखोऱ्यांत बंदूक घेऊन हिंडणारी, पोलिसांनी डोक्यावर बक्षिसे लावलेली माणसेही एके काळी याच आश्रमाकडे आशेने पाहत होती, हे आज फारसे कुणाच्या ध्यानी नसते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या गागोद्याचा. इंग्लंडात तेव्हा व्हिक्टोरिया राणीचे राज्य होते. त्याच सुमारास चार्ल्स बूथ नावाचे गृहस्थ लंडनच्या गल्ल्यांची गरिबी रंगांनी नकाशावर दाखवीत होते. सर्वांत दरिद्री वस्तीला त्यांनी काळा रंग दिला आणि तिथली माणसे अर्धीअधिक गुन्हेगारच, असे धरून चालले. पुढे त्यांचे मदतनीस माहिती गोळा करायला त्या गल्ल्यांतून हिंडले तेही पोलिसांना सोबत घेऊन. आपल्याकडे तर १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या होत्या. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. गरीब म्हणजे गुन्हेगार आणि गुन्हेगार म्हणजे पोलिसांचे काम, असा हा सरळ हिशेब होता. विनोबांनी आयुष्यभर तो नाकारला.

बडोद्यात शिक्षण चालू असताना १९१६ साली परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण सुरतेला गाडी बदलून काशीला गेला आणि तेथून गांधीजींच्या आश्रमात पोचला. ८ एप्रिल १९२१ रोजी गांधीजींच्या सांगण्यावरून तो वर्ध्याला आला आणि वर्ध्याचाच झाला. सूतकताई, भंगीकाम, अध्ययन आणि अधूनमधून तुरुंग असा त्याचा क्रम होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी लिहून घेतली, ती तर मराठी घरांत सर्वश्रुत आहेत. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला मान गांधीजींनी त्यांनाच दिला, तोही पवनारात.

गांधीजी गेल्यानंतर १९५१ च्या मार्चमध्ये विनोबा वर्ध्याहून पायी तेलंगणाकडे निघाले. तेथे जमिनीसाठी रक्त सांडत होते. कम्युनिस्ट रात्री जमीनदाराकडे येत, पोलीस दिवसा गावकऱ्यांकडे येत आणि गरीब दोघांच्या मध्ये भरडला जाई. १८ एप्रिलला पोचमपल्लीच्या हरिजनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली आणि भूदानाचा जन्म झाला. त्या दिवसापासून विनोबांनी एक गाठ मनाशी बांधली. जिथे बंदूक दिसते तिथे आधी जमीन आणि अन्याय यांची चौकशी करावी.

त्या विचाराची खरी कसोटी चंबळमध्ये लागली. तिथे दर पावसाळ्यात माती वाहून जाते, घळी रुंदावत जातात आणि शेत आक्रसत जाते. उरलेल्या तुकड्यावरून भावकीत वैर पेटते. एकाने दुसऱ्याला गोळी घातली की तो घळीत पळतो आणि बागी होतो. बागी म्हणजे बंड केलेला. तिथले लोक त्याला दरोडेखोर म्हणत नाहीत. अशाच वैरातून मानसिंहाची टोळी उभी राहिली. १९५५ साली मानसिंह मारला गेला. त्याचा मुलगा तहसीलदारसिंह फाशीची शिक्षा होऊन नैनीच्या तुरुंगात होता. त्याने विनोबांना पत्र धाडले तेव्हा ते काश्मीरच्या पदयात्रेत होते. मेजर जनरल यदुनाथसिंह तिथे त्यांच्यासोबत होते. त्यांना विनोबांनी चंबळच्या कामाला लावले.

मे १९६० मध्ये विनोबा स्वतः भिंड-मोरेनाच्या उन्हात चालू लागले. वय ६४, प्रकृती तोळामासा. यदुनाथसिंह घळीत शिरून टोळ्यांना भेटत होते. विनोबांनी बागींना कोणतीही लालूच दाखविली नाही. गुन्ह्याचा जाब न्यायालयात द्यावा लागेल, मात्र तुमची अवहेलना होणार नाही, एवढेच त्यांचे सांगणे होते. एक जण तर वर्तमानपत्रातली बातमी वाचून थेट मुंबईहून आला. १९ मे रोजी लोकमन उर्फ लुक्का आपल्या साथीदारांसह आला आणि दुर्बिणी लावलेल्या बंदुका विनोबांच्या पायाशी आल्या. एकंदर वीस जण शरण आले.

देशभर कौतुक झाले, तशी टीकाही झाली. मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख होते के. एफ. रुस्तमजी, आपल्या कामठीचे. त्यांनी या मोहिमेवर उघड नाराजी दाखविली. ती निव्वळ अधिकाऱ्याची अढी नव्हती. बागींशी लढताना शिपाई मेले होते, पोलिसांना खबर देणाऱ्या गावकऱ्यांचे जीव गेले होते. आदल्या वर्षीच लोकांची नाके कापणारा गब्बरसिंह पोलिसांनी मारला होता. खुन्यांचे असे स्वागत झाले तर मेलेल्या शिपायाच्या बायकोने काय समजावे? हा प्रश्न खोटा नव्हता आणि विनोबांच्या भक्तांनी तो पुरेसा ऐकला नाही, हेही खरे.

पुढे शरण आलेल्यांवर खटले चालले, काहींना शिक्षा झाल्या. तहसीलदारसिंहाची फाशी राष्ट्रपतींनी जन्मठेपेवर आणली. चंबळ घाटी शांती समिती कामाला लागली. दरोडे मात्र थांबले नाहीत, कारण जमीन वाहून जायची थांबली नव्हती. भूदानात मिळालेल्या लाखो एकरांपैकीही पुष्कळ जमीन गरिबाच्या हाती पोचलीच नाही. म्हणून मोहीम फसली असे पुष्कळांनी लिहून टाकले.

पण बी मातीत होते. अकरा वर्षांनी, १९७१ मध्ये, माधोसिंह या बागी सरदाराला शरण यावेसे वाटले, तेव्हा त्याला पवनार आठवले. विनोबांनी तेव्हा क्षेत्रसंन्यास घेतला होता. पवनार सोडायचे नाही असा तो नेम. त्यांनी जयप्रकाश नारायण यांच्याकडे बोट दाखविले. ठेकेदार रामसिंह असे खोटे नाव सांगून माधोसिंह पाटण्याला जयप्रकाशांच्या दारी उभा राहिला. एप्रिल १९७२ मध्ये जौऱ्याजवळ माधोसिंह, मोहरसिंह आणि त्यांच्या पाठोपाठ शेकडो बागींनी शस्त्रे खाली ठेवली. या वेळी सरकारही बरोबर होते. मुंगावलीला त्यांच्यासाठी खुला तुरुंग उभा राहिला. १९६० च्या मोहिमेत जे उणे होते, ते असे थोडेफार भरून निघाले.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्नपाणी आणि औषध सोडून, विनोबांनी पवनारलाच देह ठेवला. पोलीस नकोत असे ते कधी म्हणाले नाहीत. पोलीस पुरे पडणार नाहीत, एवढे मात्र त्यांनी चालून दाखविले. गुन्हेगाराला परतायची वाट ठेवली नाही तर तो शेवटच्या गोळीपर्यंत लढतो आणि त्या गोळीने मरतो तो बहुधा कुणातरी गरिबाचाच मुलगा असतो, मग तो घळीतला असो की खाकीतला.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन पवनारला गेलात तर त्यांना भूदान सांगा आणि त्या वीस बंदुकवाल्यांचीही गोष्ट सांगा. शिपायाच्या बायकोचा प्रश्नही सांगा. दोन्ही ऐकूनच मुलांनी आपले मत करावे.