त्र्यंबकचे दादासाहेब फाळके

आमच्या गंगापूर रोडच्या कडेने वाहणारी गोदावरी ज्या त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, त्याच त्र्यंबक गावी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. धर्मग्रामाच्या जुबिलीच्या स्मरणिकेत एका ख्रिस्तेतर गृहस्थाचे चरित्र कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर पुढे आपोआप मिळेल.

वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईस अध्यापकाची जागा मिळाली, तेव्हा बिऱ्हाड तिकडे गेले आणि मुलगा १८८५ साली जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे बडोद्याच्या कलाभवनातही तो शिकला. चित्रकला, छायालेखन, ठसे करणे, इतकेच काय पण जादूचे खेळदेखील त्याने आत्मसात केले. गोध्रा येथे छायाचित्रांचा धंदा मांडला असता प्लेगाने पत्नी व मूल हिरावून नेले. १९०२ साली दुसरा विवाह झाला. ह्या दुसऱ्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. यानंतर पुराणवस्तुखात्यातील नोकरी, मग छापखाना, रंगीत छपाईचे ज्ञान मिळविण्यासाठी १९०९ साली जर्मनीची वारी, आणि अखेर भागीदारांशी बेबनाव. चाळिशीच्या उंबरठ्यावर फाळके रिकाम्या हाताने घरी बसले होते.

तिकडे पॅरिस शहरी २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्यूमिएर बंधूंनी पडद्यावर हलती चित्रे दाखविली होती, आणि ७ जुलै १८९६ रोजी ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात येऊन पोहोचली होती. आगगाडी व तारायंत्र यांच्याइतकीच ह्या शोधाने जगाची राहणी पालटली. परंतु आपल्या देशात तो बराच काळ परक्यांचा तमाशाच राहिला. चित्रे परदेशांतून येत व लोक पैसे टाकून पाहत.

१९१०-११ च्या सुमारास गिरगावातील एका चित्रगृहात फाळक्यांनी आपल्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा मूकपट पाहिला. त्यांनी स्वतःच पुढे 'नवयुग' मासिकात लिहून ठेवले आहे की, पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता त्यांच्या अंतश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण व श्रीरामचंद्र, गोकुळ व अयोध्या उभी राहत होती. तो खेळ त्यांनी पुन्हा पाहिला, पत्नीलाही सोबत नेले, आणि त्याच ध्यासाने घरी परतले.

आम्ही सेमिनरीत शिकत असताना ही हकीकत प्रथम वाचली, तेव्हा आम्हाला थोडे वाईट वाटले होते. ज्याने ख्रिस्ताचे चरित्र इतक्या एकाग्रतेने पाहिले, तो ख्रिस्ताकडे न वळता आपल्या देवांकडे वळला! तरुण वयाची ती समजूत होती. आज आम्हाला तसे वाटत नाही. प्रभूच्या चरित्राने एका माणसाच्या ठायी निद्रिस्त असलेले सामर्थ्य जागे केले. त्याने ते कोणत्या वाटेने न्यावे, हा हिशेब आम्ही धर्मगुरूंनी मांडण्याचे कारण नाही.

रोज तासन्‌तास चित्रे पाहून त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली. औषधोपचारांनी ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडनला गेले, हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत काम पाहिले, आणि कॅमेरा खरेदी करून एप्रिलच्या आरंभी परतले. घरी कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर एकेक चित्र घेतले. रोपटे पडद्यावर पाहता पाहता उगवले, तेव्हा कुठे सावकारांचा विश्वास बसला.

परंतु आमच्या मते या चरित्रातील अर्धा मान सरस्वतीबाईंचा आहे. अंगावरचे दागिने त्यांनी दिले. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवणे, आणि रात्री अंधारात फिल्मला छिद्रे पाडून ती धुणे, ही सारी कामे त्यांनी मुलेबाळे सांभाळून केली. पोटच्या मुलाने, भालचंद्राने, रोहिदासाचे काम केले. स्त्रिया मिळेनात म्हणून तारामती झाली ती उपाहारगृहातील साळुंके नामक आचाऱ्याची! अशा रीतीने उभा राहिलेला 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपले बिऱ्हाड व कारखाना नाशकास आणला. 'मोहिनी भस्मासुर' मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई ह्या स्त्रियांनीच कामे केली. १९१७ साली 'लंकादहन' आले. पुढील वर्षी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. १९१९ च्या 'कालियामर्दन' मध्ये बाळकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. मात्र भांडवलवाल्यांशी त्यांचे जमेना. ते रागावून काशीस गेले, तेथे नाटक लिहिले, आणि १९२२ साली पुन्हा परतले.

मग पडदा बोलू लागला. फाळक्यांची विद्या मुक्या चित्रांची. १९३७ साली कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' हा एकच बोलपट केला, आणि हात थांबले. ज्या धंद्यात पुढे लाखोंची उलाढाल झाली, त्याचा जनक उतारवयात नाशकात ओढगस्तीत राहिला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच त्यांचा अंत झाला. १९६९ पासून सरकार त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार देते, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या धर्मग्रामातील मुले तेथे सहलीस जातात.