वाळूची माती कशी होते? हेन्री कोल्स यांचे जीवन आणि कार्य

पुळणीच्या किंवा रेताड जमिनीत शेती करणाऱ्यांची एक नेहमीची तक्रार असते. दिलेले पाणी थांबत नाही, खत टिकत नाही आणि शेणखत घालूनही जमीन पुन्हा आहे तशी होते. अशा जमिनीचा स्वभाव समजून घेण्यासाठी अमेरिकेतील एका वनस्पतिशास्त्रज्ञाचे जीवन पाहणे उपयोगी ठरते. त्यांचे नाव हेन्री चँडलर कोल्स. मिशिगन सरोवराच्या काठावरील वाळूच्या टेकड्यांवर जंगल कसे उभे राहते, हे त्यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी उलगडून दाखवले.

शिक्षण आणि सुरुवात

कोल्स यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी कनेक्टिकट राज्यातील केन्सिंग्टन येथे झाला. ओबर्लिन महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर त्यांनी काही काळ नेब्रास्कात शिकवले. १८९५ मध्ये ते शिकागो विद्यापीठात आले. सुरुवातीला त्यांनी भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला आणि नंतर जॉन कोल्टर यांच्या मार्गदर्शनाखाली ते वनस्पतिशास्त्राकडे वळले. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ युजेनियस वॉर्मिंग यांचा वनस्पती-समूहांवरील ग्रंथ मुळातून वाचता यावा म्हणून ते डॅनिश भाषाही शिकले. भूगर्भ आणि वनस्पती या दोन्ही विषयांची जाण असल्यामुळे जमीन व झाड यांना वेगळे न मानण्याची सवय त्यांना लागली.

सरोवरापासून आत चालत जाणे

मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकाला, इंडियाना राज्यात, वाळूच्या टेकड्यांचा मोठा पट्टा आहे. हिमयुगाच्या अखेरीस या सरोवराची पातळी आजच्यापेक्षा सुमारे ६० फूट वर होती. पुढे ती टप्प्याटप्प्याने खाली आली आणि प्रत्येक टप्प्यावर किनाऱ्याला समांतर असा वाळूचा एक बांध मागे राहिला. त्यामुळे पाण्याजवळची वाळू सर्वांत नवी आणि आतल्या बाजूची वाळू हजारो वर्षांची जुनी, अशी रचना तयार झाली.

कोल्स यांनी याचाच उपयोग करून घेतला. एका जागी हजारो वर्षे थांबून निरीक्षण करणे शक्य नाही, पण किनाऱ्यापासून आत चालत गेले तर ती सगळी वर्षे ओळीने पाहता येतात. त्यांना दिसलेला क्रम असा होता :

- उघड्या, उडत्या वाळूवर प्रथम मॅरम गवत येते. वाळूखाली गाडले गेले तरी ते वर वाढत राहते आणि आपल्या मुळांनी वाळू बांधून ठेवते.
- त्याच्या सोबतीने कॉटनवुड हे पॉप्लरच्या जातीचे झाड येते. त्याच्या गाडल्या गेलेल्या खोडालाही नवी मुळे फुटतात.
- वाळू स्थिर झाल्यावर जॅक पाइन व ज्युनिपर ही सूचिपर्णी झाडे येतात.
- त्यानंतर ब्लॅक ओकचे जंगल उभे राहते. सावलीच्या व ओल टिकणाऱ्या जागी मेपलसारखे मोठ्या पानांचे वृक्षही दिसतात.

या अभ्यासावर त्यांना १८९८ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १८९९ मध्ये त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. प्रत्येक वनस्पती आपल्या जागेची परिस्थिती बदलते आणि त्यातून पुढच्या वनस्पतीला वाट करून देते, हा त्याचा गाभा होता.

शिक्षक आणि संरक्षक

कोल्स यांनी आयुष्यभर शिकागो विद्यापीठातच शिकवले. वर्गापेक्षा शिवारात शिकवणे त्यांना अधिक पसंत होते. व्हिक्टर शेल्फर्ड आणि विल्यम कूपर यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९१५ मध्ये अमेरिकेची परिसंस्थाशास्त्र संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत ते होते आणि १९१८ मध्ये अध्यक्षही झाले.

त्याच काळात त्यांच्या डोळ्यांदेखत या टेकड्या नाहीशा होत होत्या. मिशिगन सिटीजवळची सुमारे २०० फूट उंच टेकडी काचेच्या उद्योगासाठी पूर्ण उपसली गेली. १९०६ पासून गॅरी येथे टेकड्या सपाट करून पोलाद कारखाना उभारला गेला. १९१६ मध्ये शिकागो येथे झालेल्या सरकारी सुनावणीत कोल्स यांनी हा भाग राखण्याची बाजू मांडली. पुढच्याच वर्षी अमेरिका महायुद्धात उतरली आणि राष्ट्रीय उद्यानाचा प्रस्ताव मागे पडला. राज्य पातळीवरील उद्यान मात्र १९२० च्या दशकात झाले. १२ सप्टेंबर १९३९ रोजी कोल्स यांचे निधन झाले. या किनाऱ्याला राष्ट्रीय संरक्षण १९६६ मध्ये आणि राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा २०१९ मध्ये मिळाला.

पुढच्या संशोधनाने केलेली दुरुस्ती

टेकड्यांवरील जंगल कालांतराने बीच व मेपल या वृक्षांच्या समृद्ध जंगलाकडे जाईल, असा कोल्स यांचा कल होता. १९५८ मध्ये जेरी ओल्सन यांनी याच टेकड्यांच्या मातीचे पृथक्करण प्रसिद्ध केले. सेंद्रिय कर्ब आणि नत्र यांची बहुतेक वाढ पहिल्या सुमारे हजार वर्षांतच होते, असे त्यात दिसले. त्याच काळात पावसाच्या पाण्याबरोबर वरच्या थरातील चुना धुऊन जातो. सुरुवातीला विम्लधर्मी असलेली वाळू हळूहळू आम्लधर्मी होते आणि कॅल्शियमसारखी अन्नद्रव्ये कमी पडतात. म्हणून कित्येक हजार वर्षांच्या टेकड्यांवरही ब्लॅक ओकच टिकून राहिला. जमीन जुनी झाली म्हणजे ती सुपीक झालीच, असे वाळूच्या बाबतीत म्हणता येत नाही.

याचे कारण वाळूच्या घडणीत आहे. वाळूचे कण मोठे असल्याने पाणी झपाट्याने खाली जाते. चिकणमाती जवळजवळ नसल्याने अन्नद्रव्ये धरून ठेवण्याचे काम मुख्यतः सेंद्रिय पदार्थालाच करावे लागते. अशा जंगलात पालापाचोळ्याचा पातळ थर हीच खरी जमीन असते. तो जळला किंवा उचलला गेला, की खाली उरते ती केवळ वाळू.

आपल्यासाठी बोध

मिशिगनच्या या भागात वर्षाला साधारण ९०० ते १,००० मि.मी. पाऊस पडतो. कोकण किनाऱ्यावर त्याच्या अडीच-तीन पट पडतो आणि तोही चार महिन्यांत. साहजिकच आपल्या पुळणीत निचऱ्याबरोबर अन्नद्रव्ये वाहून जाण्याचा वेग जास्त असतो. म्हणून पुढील बाबी लक्षात ठेवाव्यात :

- समुद्राकडील बाजूची मर्यादवेल व गवत काढू नये. मॅरम गवताचे काम आपल्याकडे तीच करते.
- झावळ्या व पालापाचोळा जाळू नये. त्यांचे आळ्यात आच्छादन करावे. नारळाची सोडणे आळ्यात पुरल्यास ओल अधिक काळ टिकते.
- शेणखत, कंपोस्ट किंवा हिरवळीचे खत दरवर्षी द्यावे. एकदाच भरपूर देऊन भागत नाही.
- नत्र व पालाश एकाच वेळी न देता विभागून द्यावे. मुसळधार पावसात खत देणे टाळावे.
- पाणी थोडे थोडे, पण कमी अंतराने द्यावे.
- चुना किंवा इतर भूसुधारक माती परीक्षणात सामू पाहूनच वापरावे.

कोल्स यांच्या टेकड्यांवर जो थर साचायला शेकडो वर्षे लागली, तो आपण आपल्या आळ्यात काही वर्षांत तयार करू शकतो. मात्र एका वर्षाची हयगय झाली तरी तो ओसरू लागतो, हे विसरून चालणार नाही.